डोळ्यांखालची उलट नोंद

वीस वर्षे बँकेत कारकुनी केलेल्या माणसाच्या डोळ्यांखाली जे साठत जाते, त्याला आमच्या शाखेत ‘क्लोजिंग बॅलन्स’ म्हणतात. माझा बॅलन्स चांगलाच भरभक्कम आहे. चष्म्याच्या काचेखाली दोन्ही बाजूंना एकेक पिशवी, बाजाराला निघाल्यासारखी. आमच्या घराण्यात दोन पंथ आहेत : पिशव्यांचा आणि खड्ड्यांचा. मी पहिल्या पंथाचा, थोरले बंधू दुसऱ्या. त्यांच्या मुलीने बापाची स्थावर इस्टेट मिळण्याआधीच हे खड्डे तेवढे वारशाने घेतले.

तिचे लग्न ठरले आणि नगरपालिकेला गणपतीच्या तोंडावर होते तशी तिला खड्डे बुजवण्याची घाई झाली. कुणाला न सांगता ती एका ठिकाणी जाऊन फिलरची इंजेक्शने घेऊन आली. लग्नाला दोन महिने असताना आमच्याकडे आली ती घरातही काळा चष्मा लावून. चष्मा काढला, तर खड्डे गेले होते. पण त्यांच्या जागी निळसर झाक असलेले दोन फुगवटे आले होते. सकाळी जास्त, संध्याकाळी जरा कमी. आमची ही म्हणाली, “अगंबाई, पडलीस का कुठे?” पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. मग मला म्हणाली, “काका, तुम्ही एवढं वाचता ना, जरा बघा ना.”

आमच्या घरात वाचन हे माझे व्यसन समजले जाते, त्यामुळे त्याचा उपयोग करायची संधी क्वचितच मिळते. मी बसलो वाचायला. आता कॉमर्सचा माणूस शास्त्राचा इतिहास वाचणार म्हणजे खतावणी वाचल्यासारखाच. प्रत्येक नोंदीपाशी मी एकच प्रश्न विचारत गेलो : ही चुकली, तर उलटवता येते का?

पहिली नोंद 1893 ची. नॉयबर नावाच्या जर्मन सर्जनने रोग्याच्या दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या खोल व्रणात भरली. बारीक तुकडे घेतले तर टिकते, हेही त्याला दिसले. हा म्हणजे निव्वळ ट्रान्स्फर व्हाउचर, पैसे घरातच राहिले. पण दंड कापून घ्यायचा कंटाळा माणसाला येणारच. 1899 मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेरसुनी या सर्जनने सरळ व्हॅसलीनच टोचले. (पहिल्यांदा कुठे टोचले, ते घरगुती पुस्तकात सांगण्यासारखे नाही, चेहऱ्यावर नव्हे, एवढे पुरे.) आपण टाचेच्या भेगांना लावतो तेच हे. त्यातून निघाले पॅराफिन. थोडे कोमट करून टोचायचे, हवा तसा आकार द्यायचा, थंड झाले की घट्ट. मेणाच्या या कारभाराने युरोप-अमेरिका खूश झाली. पुढच्या काही वर्षांत गाठी येऊ लागल्या, कातडी लाल होऊन फुटू लागली, आणि नाकात टोचलेले मेण रक्तवाहिनीत शिरून डोळा गेल्याच्या हकिगतीही छापून आल्या. उलट नोंद? नाही. मेण मांसात असे मिसळते, की काढायचे तर मांसासकट.

या खात्यावरचे सर्वांत प्रसिद्ध नाव ग्लॅडिस डीकन हिचे. अमेरिकन आईबापांची, पॅरिसमध्ये जन्मलेली, विलक्षण देखणी मुलगी. विशीच्या सुरुवातीला तिला वाटले, नाक ग्रीक पुतळ्यासारखे सरळ हवे. मेण टोचून घेतले. ते कालांतराने घसरून हनुवटीकडे निघाले. 1921 मध्ये ती ड्यूक ऑफ मार्लबरोची पत्नी झाली, ब्लेनहाइम राजवाड्याची मालकीण झाली, पण मेण परत वर गेले नाही. तिचे निळे डोळे मात्र 1928 मध्ये त्या राजवाड्याच्या द्वारमंडपाच्या छतावर रंगवले गेले. ते अजून आहेत. नुसते डोळे, खाली काही नाही, ना पिशवी ना खड्डा. हे मी पुतणीला सांगितले तेव्हा ती प्रथमच हसली.

मेणानंतर सिलिकोन आले, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात आणि मग अमेरिकेत. नाव नवे, हिशेब तोच : गाठी, सरकणे, आणि काढता न येणे. पुढे 1981 मध्ये अमेरिकेत गाईच्या कातड्यापासून केलेल्या कोलॅजेनला परवानगी मिळाली. (हे वाक्य मी सासूबाईंसमोर वाचले नाही.) आधी हातावर टोचून चार आठवडे ॲलर्जीची वाट पाहायची, आणि एवढे करून काही महिन्यांत सगळे विरघळून जायचे. लोक याला दोष म्हणत. मला तर इतिहासातला हा पहिला शहाणा व्यवहार वाटला. मुदत संपली की खाते आपोआप बंद.

मग आले हायल्युरॉनिक ॲसिड, म्हणजे आमच्या पुतणीचे. याची जन्मकथा गमतीची आहे. 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी हा पदार्थ प्रथम वेगळा केला, तो गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या रसातून. म्हणजे डोळ्यातून निघालेली वस्तू फिरून डोळ्याखालीच आली! सुरकुत्यांसाठी अमेरिकेत याच्या जेलला 2003 मध्ये मान्यता मिळाली, खास डोळ्यांखालच्या खड्ड्यांसाठी थेट 2022 मध्ये. हे पाणी धरून ठेवते. गालात हा गुण, पापणीखालच्या पातळ कातडीत हाच अवगुण. जरा जास्त झाले की सूज. आणि वरवर टोचले, तर प्रकाश विखुरून निळसर दिसते. याला टिंडल परिणाम म्हणतात, आकाशाच्या निळ्या रंगावर प्रयोग करणाऱ्या जॉन टिंडलच्या नावावरून. बिचारा टिंडल 1893 मध्ये वारला तो बायकोने चुकून झोपेच्या औषधाचा भलताच मोठा डोस दिल्यामुळे. तिलाही उलट नोंद करता आली नाही. हे वाचल्यापासून मी माझ्या गोळ्या स्वतः घेतो.

पण हायल्युरॉनिकला उलट नोंद आहे. हायल्युरोनिडेज नावाचे एन्झाइम टोचले की ते विरघळते, बहुधा एकदोन दिवसांत. मधमाशीच्या आणि सापाच्या विषात याचेच भाऊबंद असतात; आणि माझ्या वडिलांच्या मोतीबिंदूच्या वेळी डोळा बधिर करायच्या इंजेक्शनात तेच मिसळले होते, हे मला आत्ता कळले.

एवढा अभ्यास घेऊन मी पुतणीबरोबर एका जाणत्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “काय टोचलं? सिरिंजच्या पाकिटातलं स्टिकर दिलं का? त्यावर नाव आणि लॉट नंबर असतो.” स्टिकर नव्हते, पावती नव्हती. वीस वर्षांत व्हाउचर नसलेली इतकी मोठी एन्ट्री मी पाहिली नव्हती. मी त्या पोरीकडे ऑडिटरसारखा पाहू लागलो, तेव्हा बाईंनी मला गप्प बसवले.

त्यांनी सोनोग्राफीने आतला माल पाहिला. कातडी पातळ होती, आणि टोचले होते नको तितके वर, नको तितके जास्त. नशीब, हायल्युरॉनिकच दिसत होते. “मधमाशी चावून कधी मोठी ॲलर्जी झाली होती का?” असे विचारून मग थोडे थोडे एन्झाइम टोचले. माझा अभ्यास पाहून मला एक गोष्ट जरा दरडावूनच सांगितली : “सूज, निळेपणा यांना वेळ असतो. टोचतानाच किंवा पुढच्या काही तासांत कातडी पांढरी पडली, जाळीदार डाग आले, फार दुखलं किंवा दिसायला अंधुक झालं, तर ती सूज नव्हे, रक्तवाहिनी बंद झाली. त्याच क्षणी धावायचं. गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही.” म्हणजे इथेही एक खाते असे आहे, की ज्याला उलट नोंद नाही. जिथे हे एन्झाइम कपाटात तयार नसते, तिथे सुई हातात धरू देऊ नये, हे त्यांचे म्हणणे मी पासबुकाच्या मागे लिहून घेतले.

मी आपला सहज माझ्या पिशव्यांचा विषय काढला. त्या म्हणाल्या, “तुम्हाला फिलर अजिबात नाही. ती चरबी पुढे आलेली आहे. भरलेल्या पिशवीत आणखी काय भरणार?”

दुसऱ्या खेपेनंतर फुगवटे गेले आणि बापाचे खड्डे जागच्या जागी परत आले. लग्नात फोटोग्राफरने बंधूंना आणि तिला शेजारी उभे केले आणि म्हणाला, “वा, अगदी एकच चेहरा!” पोरगी क्षणभर गंभीर झाली. मग तिने वडिलांच्या डोळ्यांखाली बोट ठेवले आणि फोटो तसाच निघाला.