जिन्झूकांठचा तांदूळ

भाताच्या खाचरांत पाटाचें पाणी खेळूं लागलें, म्हणजे शेतकऱ्याचा जीव भांड्यांत पडतो. परंतु जपानच्या तोयामा प्रांतांत, जिन्झू नदीच्या कांठीं, याच पाण्यानें कित्येक घरांवर अनर्थ ओढवला.

नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरांत, कामिओका येथें मित्सुई कंपनीच्या जस्ताच्या व शिशाच्या खाणी होत्या. जस्ताच्या खनिजांत कॅडमियम नांवाचा धातु मिसळलेला असतो. खाणीचा गाळ व सांडपाणी नदींतून पाटांत आणि पाटांतून खाचरांत उतरलें. त्यासमवेत हा धातुही मातींत सांचत गेला. शेतांत पाणी उभें असतें तोंवर तो गंधकाशीं जखडलेला राहतो. पण कापणीपूर्वीं शेत सुकविलें, कीं मोकळा होऊन मुळांवाटे दाण्यांत चढतो. अशा तांदुळाला ना निराळा रंग, ना निराळी चव!

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून या गांवांतून एक विलक्षण दुखणें दिसूं लागलें. त्याचा घाला मुख्यतः पुष्कळ बाळंतपणें झालेल्या, उतार वयाच्या स्त्रियांवर पडे. विषानें मूत्रपिंडें बिघडत, हाडांना लागणारीं द्रव्यें लघवीवाटे निघून जात, आणि मऊ पडलेलीं हाडें नुसत्या खोकल्यानेंही मोडत. रोगी 'इताई, इताई', म्हणजे 'दुखतें, दुखतें', असें विव्हळत. तेंच रोगाचें नांव झालें. कोणी यास निकृष्ट आहाराचा परिणाम म्हणत, कोणी पूर्वकर्माचें फळ. ज्यांनीं सोसलें, दोषही त्यांच्याच माथीं!

१९४६ सालीं युद्धावरून परतलेले तेथील डॉक्टर नोबोरू हागिनो यांनीं रोग्यांचीं घरें नकाशावर मांडून पाहिलीं. जिन्झूचें पाणी जेथवर पोंचे, तेथवरच रोग होता. १९५७ सालीं त्यांनीं खाणीकडे बोट दाखविलें. तेव्हां त्यांच्या वांट्यास विश्वासापेक्षां अवहेलनाच अधिक आली. तरी ते ढळले नाहींत. कृषितज्ज्ञ योशिओका यांच्यासह त्यांनीं १९६१ सालीं कॅडमियमचें नांव जाहीर केलें. १९६८ सालीं सरकारनें हें कारण मान्य केलें; १९७१ सालीं तोयामाच्या न्यायालयानें ग्रामस्थांच्या बाजूनें निकाल दिला, व पुढील वर्षीं वरिष्ठ न्यायालयानेंही तो कायम केला.

पण निकालानें माती शुद्ध होत नसते. दूषित थर खालीं गाडून त्यावर स्वच्छ माती पसरण्याचें काम सुमारें साडेआठशे हेक्टरांवर चाललें, आणि तें २०१२ सालीं, म्हणजे निकालानंतर चार दशकांनीं, पुरें झालें. शेतें पुन्हां पिकूं लागलीं; ज्यांचीं हाडें मोडलीं त्या माउल्यांपैकीं बहुतेक तोंवर हयात नव्हत्या.

१९७२ च्या करारानें एक हक्क मात्र ग्रामस्थांनीं मिळविला : तज्ज्ञांना सोबत घेऊन खाणीच्या आवारांत शिरावें आणि तेथून सुटणारें पाणी स्वतः तपासावें. खाणकाम २००१ सालीं थांबलें. पाण्यावरील ही नजर त्यांनीं त्यानंतरही ढळूं दिली नाहीं.