हाडं गेली, फोटो राहिले

2025च्या जानेवारीत एका नव्या डायनोसॉरचं नाव जाहीर झालं: टॅमेरीरॅप्टर मार्कग्राफी. मांसाहारी, सुमारे 10 मीटर लांब, नाकावर शिंगासारखा उंचवटा. ज्या सांगाड्यावरून हे नाव दिलं, तो मात्र 80 वर्षांपूर्वीच नष्ट झालाय.

इजिप्तच्या बहारिया ओअॅसिसमध्ये 1914 साली हा सांगाडा सापडला. रिचर्ड मार्कग्राफ तिथं म्युनिकच्या एर्न्स्ट स्ट्रोमर या जीवाश्मतज्ज्ञासाठी खोदकाम करायचा. मग महायुद्ध सुरू झालं. हाडं म्युनिकला पोहोचायला 1922 उजाडलं. स्ट्रोमरनं 1931 साली त्यांचं वर्णन छापलं. अशाच एका प्राण्याचे दात आधी अल्जीरियात सापडले होते. दोन्ही एकच समजून त्यानं नाव दिलं कार्कॅरोडोन्टोसॉरस.

पुढच्या महायुद्धात म्युनिकवर बॉम्ब पडू लागले. हाडं सुरक्षित जागी हलवा, असं स्ट्रोमर सांगत राहिला. पण तो नाझींचा उघड टीकाकार आणि संग्रहाचा प्रमुख कार्ल बॉयर्लेन नाझी. काही हललं नाही. 1944च्या 24 एप्रिलच्या रात्री ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले आणि संग्रहालय जळालं. स्पायनोसॉरसचा पहिला सांगाडाही त्यातच गेला. स्ट्रोमरचे दोन मुलगेही त्या युद्धात मारले गेले.

आमच्या धंद्यात एकच कॉपी असलेला डेटा म्हणजे गेल्यात जमा. इथं दुसरी कॉपी होती, पण कुणाच्या लक्षात नव्हती: ट्युबिंगेन विद्यापीठात, फ्रीड्रिश फॉन ह्यूने या दुसऱ्या तज्ज्ञाच्या संग्रहात, सांगाड्याचे जुने फोटो. माक्सिमिलियान केलरमान या म्युनिकच्या विद्यार्थ्यानं ते पाहिले आणि मोरोक्कोत सापडलेल्या कार्कॅरोडोन्टोसॉरसच्या कवटीशी ताडून बघितले. जुळेनात. दात वेगळे, नाक वेगळं. म्हणजे इजिप्तचा प्राणीच वेगळा होता!

फोटोवरून नवा प्राणी ठरवणं मला आधी जरा धाडसाचं वाटलं. फोटोतलं हाड उलटं करून बघता येत नाही, कापून आत काय आहे तेही कळत नाही. पण नाकावरचा उंचवटा फोटोतही लपत नाही. शिवाय स्ट्रोमरनं छापलेलं वर्णन हाताशी आहेच.

टॅमेरी हे इजिप्तचं प्राचीन नाव. मार्कग्राफी हे खोदणाऱ्याच्या नावावरून. मार्कग्राफ 1916 सालीच वारला होता. त्यानं खोदलेल्या हाडांच्या पेट्या तेव्हा इजिप्तमध्येच पडून होत्या.