ड्रेस्डेन सोडून सगळीकडे : भिंतीपलीकडचा टीव्ही बघणाऱ्यांची गोष्ट

एखाद्या सिरीजची सगळीकडे चर्चा असते, तुम्ही मोठ्या उत्साहाने फोन उघडता आणि स्क्रीनवर येतं, ‘हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही’. मग कोणी व्हीपीएन लावतं, कोणी परदेशातल्या मावसभावाला मेसेज टाकतं. आपल्यासमोरची ही भिंत बहुतेक वेळा हक्क आणि करारांची असते. आजच्या एपिसोडमधली भिंत मात्र खरीखुरी, काँक्रीटची आहे. ती ओलांडताना माणसं मेली. आणि तिच्यावरून रोज संध्याकाळी टीव्हीचे सिग्नल बिनधास्त ये-जा करत होते.

गोष्ट पूर्व जर्मनीची. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये जर्मनीचे दोन देश झाले. पश्चिमेचा भांडवलशाही, पूर्वेचा कम्युनिस्ट. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. बर्लिन हे शहर पूर्व जर्मनीच्या पोटात, पण त्या शहराचा पश्चिम भाग मात्र पश्चिम जर्मनीच्या बाजूचा. म्हणजे शत्रूच्या टीव्हीचा टॉवर थेट तुमच्या घराच्या मधोमध उभा! शिवाय सगळ्या सीमेलगत पश्चिमेचे ट्रान्समीटर होतेच. भाषा एकच, त्यामुळे सबटायटलचीही गरज नाही. अमेरिकन मालिकासुद्धा जर्मनमध्ये डब होऊन यायच्या.

ऑगस्ट १९६१ मध्ये भिंत उभी राहिली. माणसं अडली, पण लहरी कशा अडवणार? मग सप्टेंबरमध्ये सरकारी पक्षाच्या युवक संघटनेने एक मोहीम काढली. तिचं नाव पडलं ‘ऑक्सेनकोफ’, म्हणजे बैलाचं डोकं. हे बव्हेरियातल्या एका डोंगराचं नाव. तिथला ट्रान्समीटर पूर्व जर्मनीच्या दक्षिण भागात छान पकडायचा. ही पोरं घरांच्या छपरांवर चढायची आणि पश्चिमेकडे तोंड केलेले अँटेना फिरवायची, नाहीतर सरळ कापून टाकायची. विचार करा, अँटेना म्हणजे छपरावर उघडी ठेवलेली ब्राउझर हिस्ट्री. तुम्ही काय बघता हे अख्ख्या गल्लीला दिसणार. मग लोकांनी काय केलं? अँटेना पोटमाळ्यावर नेला. कौलांच्या आत.

शाळेतही पाळत होती. बाई वर्गात सहज विचारल्यासारखं विचारायच्या, ‘तुमच्या घरी बातम्यांच्या आधी टीव्हीवर घड्याळ दिसतं ना, त्यावर ठिपके असतात की रेघा?’ दोन्ही देशांच्या चॅनेलचं घड्याळ वेगळं. सहा-सात वर्षांचं पोर खरं बोलून गेलं की आईबाप काय बघतात ते कळलं. त्या पिढीतले लोक ही आठवण आजही सांगतात. अनेक घरांत पोरांना लवकरच शिकवलं जायचं, घरात काय बघतो ते बाहेर बोलायचं नाही.

आता थोडं टेक्निकल, कारण माझ्यातला इंजिनियर गप्प बसत नाही. पश्चिम जर्मनीत १९६७ मध्ये रंगीत टीव्ही आला, पाल या पद्धतीचा. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत टीव्ही आला तोही पालच. पूर्व जर्मनीने १९६९ मध्ये रंग आणले, पण सोव्हिएत युनियनप्रमाणे फ्रेंच सेकॅम पद्धत घेतली. गंमत अशी, की चित्राच्या ६२५ रेघा आणि आवाजाची पद्धत दोन्हीकडे सारखीच होती, फरक फक्त रंग पाठवण्याच्या पद्धतीत. त्यामुळे पूर्वेच्या सेटवर पश्चिमेचा कार्यक्रम लागायचा, पण काळापांढरा. एका अर्थी ही फाइल फॉरमॅटची भिंत. मग हौशी लोक सेट उघडून आत पालचा डिकोडर बसवू लागले. पुढे तर पूर्वेच्याच कारखान्यांतून दोन्ही पद्धती चालणारे सेट बाहेर पडू लागले.

सरकारलाही हे हळूहळू कळत गेलं. ‘श्वार्त्से कानाल’ म्हणजे ‘काळं चॅनेल’ नावाचा एक कार्यक्रम १९६० पासून दर सोमवारी लागायचा. कार्ल-एदुआर्द फॉन श्निट्झलर हे गृहस्थ त्यात पश्चिमेच्या टीव्हीचे तुकडे दाखवून ते कसे खोटे आहेत हे सांगायचे. लोक विनोद करायचे, की या माणसाचं पूर्ण नाव कोणाला माहीतच नाही, ‘श्नि...’ ऐकू येईपर्यंत चॅनेल बदललेलं असतं!

१९७३ मध्ये पक्षाचे प्रमुख एरिक होनेकर यांनी जाहीरच करून टाकलं, की पश्चिमेचा टीव्ही ज्याला हवा तो लावू शकतो, बंद करू शकतो. म्हणजे लढाई सोडून दिली. पोलीस आणि लष्करातल्यांवर बंधनं राहिली, पण सामान्य माणसाच्या घरात रात्री आठला पश्चिमेच्या बातम्या सुरू. १९८१ पासून त्यात ‘डॅलस’ आली. टेक्ससमधलं तेलसम्राट यूइंग कुटुंब, भावाभावांची भांडणं आणि तो डँबिस जे. आर.! भांडवलशाही किती सडलेली आहे हे दाखवायला यापेक्षा चांगला नमुना मिळाला नसता. पण पूर्व जर्मनीतले लोक तिची कथा सडलेली आहे की नाही हे बघत नव्हते. पुढे काय होतं ते बघत होते. अगदी आपल्यासारखे.

पण सगळ्यांना नाही. इथे आपल्या गोष्टीतला खरा पेच येतो.

देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, एल्ब नदीच्या खोऱ्यात ड्रेस्डेन शहर आहे. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला, अंतर वाढलं की संपलं. ड्रेस्डेन पश्चिमेच्या टॉवरपासून लांब आणि वर खोऱ्यात. तिथे काहीच दिसायचं नाही. ईशान्येच्या ग्राइफ्सवाल्ड भागातही तीच गत. बाकीच्या देशाने या भागाचं नाव ठेवलं ‘बेखबरांचं खोरं’. पश्चिमेच्या एआरडी या चॅनेलच्या नावाचा जर्मनमध्ये विनोदी अर्थ काढला जायचा : ‘ड्रेस्डेन परिसर सोडून’.

आता तुम्हाला काय वाटतं? पश्चिमेचा झगमगाट बघणारे लोक सरकारवर जास्त चिडलेले असतील, आणि काहीच न दिसणारे ड्रेस्डेनकर आपल्या देशात समाधानी असतील. लॉजिक तर तेच सांगतं. पक्षालाही सुरुवातीला हीच भीती होती, म्हणून तर पोरं छपरांवर चढवली.

प्रत्यक्षात उलटं निघालं. होल्गर केर्न आणि येन्स हाइनम्युलर या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये एक पेपर प्रसिद्ध केला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पूर्व जर्मनीतच तरुणांच्या पाहण्या झाल्या होत्या, त्यातली माहिती त्यांनी वापरली. आपल्या भाषेत सांगायचं तर हा डोंगरांनी करून ठेवलेला ए-बी टेस्ट. एकच देश, एकच सरकार, एकाकडे टीव्ही दिसतो, दुसऱ्याकडे नाही. निष्कर्ष असा, की ज्यांना पश्चिमेचा टीव्ही दिसत होता ते राजवटीबद्दल जास्त समाधानी होते. देश सोडून जाण्याच्या परवानगीसाठी होणाऱ्या अर्जांचं प्रमाणही ड्रेस्डेन भागात जास्त होतं.

का? त्यांचं म्हणणं असं, की लोक पश्चिमेचा टीव्ही मुख्यतः करमणुकीसाठी बघायचे. दिवसभर रांगा, टंचाई, पक्षाच्या घोषणा. रात्री दोन तास ‘डॅलस’मध्ये घालवले की जगणं सुसह्य. ड्रेस्डेनमध्ये तेवढीही पळवाट नव्हती. म्हणजे ज्या मालिकांना सरकार विष समजत होतं, त्या त्याच सरकारला टेकू देत होत्या. स्थानिक अधिकाऱ्यांच्याही हे लक्षात आलं होतं, की टीव्ही दिसत नाही हे लोकांच्या नाराजीचं एक कारण आहे. ऐंशीच्या दशकात ड्रेस्डेनच्या आसपास लोकांनी वर्गणी काढून उंच जागी मोठे सामूहिक अँटेना उभे केले आणि घराघरात केबल ओढल्या. सरकारने बघून न बघितल्यासारखं केलं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हेच अँटेना कापले जात होते!

मग टीव्हीने काहीच बदललं नाही का? असंही नाही. ९ ऑक्टोबर १९८९ ला लाइपझिगमध्ये सुमारे ७० हजार लोक रस्त्यावर उतरले. दोन तरुणांनी चर्चच्या मनोऱ्यावरून ते चोरून चित्रित केलं, टेप पश्चिम बर्लिनला गेली आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या टीव्हीवरून ती दृश्यं पूर्व जर्मनीतच परत आली. ९ नोव्हेंबरला पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की पत्रकार परिषदेत गडबडले, आठच्या बातम्यांनी सीमा उघडल्याचं सांगितलं आणि लोक भिंतीकडे निघाले. साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्यावरचं फाटक उघडलं.

पण एक लक्षात घ्या. त्याआधी महिनाभर, ४ ऑक्टोबरला, ड्रेस्डेनच्या रेल्वे स्टेशनवर हजारो लोकांची पोलिसांशी जोरदार चकमक झाली होती. प्रागहून निर्वासितांना पश्चिमेकडे नेणाऱ्या गाड्या तिथून जाणार होत्या. ज्या भागाला आपण बेखबर म्हणत होतो तो भाग मागे नव्हता. आपण कशात राहतोय हे कळायला ड्रेस्डेनकरांना जे. आर. यूइंगची गरज पडली नाही.

मालिकांचा ठसा राहिला तो दुसरीकडे. लिओनार्दो बुर्श्टिन आणि दाविदे कांतोनी यांनी पुढे दाखवलं, की एकीकरणानंतर टीव्ही दिसणाऱ्या भागातल्या लोकांनी एकूण खर्च जास्त केला नाही. पण टीव्हीवर ज्या प्रकारच्या वस्तूंच्या जाहिराती खूप लागायच्या, त्यांच्याकडे त्यांचा कल जास्त होता. म्हणजे वीस-तीस वर्षं जाहिराती बघितल्या त्या दुकानांत मिळत नसलेल्या वस्तूंच्या, आणि भिंत पडल्यावर आधी त्याच टोपलीत टाकल्या.

मला या सगळ्यातून एक गोष्ट जाणवते. परदेशी मालिका बघणारा माणूस बंडखोर असतोच असं नाही. बहुतेक वेळा तो दमलेला असतो. पूर्व जर्मनीच्या सरकारने त्याच्या छपरावर पोरं चढवली तेव्हा त्याला राजकारण नको होतं, पुढचा भाग हवा होता. आणि ज्याला पुढचा भागही मिळाला नाही, तो निघून जायचा अर्ज भरायला गेला.

तुमच्या घरी, गावात, कोणी कधी अँटेना फिरवून फिरवून लांबचं एखादं चॅनेल पकडलेलं आठवतं का? आजी-आजोबांना विचारा आणि आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा!