मोटारीचे कागद



आजच्या विषयाचे नाव छापील पत्रिकेत वाचून पुष्कळांनी मला विचारले की, कामगार चळवळीतला माणूस मोटारीवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मोटार माझ्या मालकीची कधी नव्हती आणि चालविता तर ती मला आजही येत नाही. परंतु मी मोटारीवर नव्हे, मोटारीच्या कागदांवर बोलणार आहे. जुन्या मासिकांत मोटारींविषयी आलेले लेख, जाहिरातींची पाने, विक्रेते गिऱ्हाइकाच्या हाती देत ती रंगीत माहितीपत्रके, गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका, हे सारे जमविणारी आणि एकमेकांस दाखविणारी माणसे जगात सगळीकडे आहेत. तसे एक गृहस्थ आमच्या मेहरूणातही आहेत. त्यांना सगळे मिस्त्रीनाना म्हणतात, मीही तसेच म्हणेन.

माझा स्वतःचा या कागदांशी पहिला संबंध आला तो बोरांमुळे. मेहरूणची बोरे आपणां सर्वांस ठाऊक आहेत. मी आठ-नऊ वर्षांचा असताना तलावाच्या काठी एका आजीकडून बोरे घेतली. पुडी सोडली तर आत एका इंग्रजी साप्ताहिकाचे पान, आणि त्यावर मोटारीचे चित्र. बोरे संपली, पान राहिले. त्यावरची इंग्रजी अक्षरे लावीत लावीत मी जे शिकलो ते शाळेने मला शिकविलेल्यापेक्षा फार कमी नव्हते. शाळा पुढे लवकरच सुटली, म्हणून हे सांगितले. असो.

रद्दी हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. मुंबईच्या रस्त्यांवर मोटार आली ती १८९८ च्या सुमारास. नेमक्या त्याच साली इतिहासाचार्य राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळीत होते. त्या काळच्या शहाण्यांना ती दप्तरे वाळवीचे खाद्य वाटत होती. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी आपल्या धुळ्यासच वारले, आणि त्यांच्या संग्रहाची जपणूक करणारे संशोधन मंडळही तेथेच उभे राहिले. खानदेशाच्या माणसाला तरी कागद जपण्याचे महत्त्व परक्याने सांगावे लागू नये. परंतु आपली समजूत अशी की, जपावयाचा कागद म्हणजे मोडी लिपीतला, सरदार-इनामदाराचा. कारखान्यात छापलेला कागद जपावा, असे कोणास वाटत नाही. वस्तुतः ‘किर्लोस्कर’ मासिकाचा जन्म १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून, म्हणजे एका कारखान्याची बातमी देणारे पत्र म्हणूनच झाला. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे पुढे काय केले ते मराठी वाचकांस माहीत आहे. नांगराच्या कारखान्यातून वाङ्मय निघू शकते, तर मोटारीच्या कारखान्यातून इतिहास का निघू नये?

तो कसा निघतो ते पाहू. मिस्त्रीनानांची पत्र्याची पेटी उघडली की सर्वांत खाली अमेरिकन माहितीपत्रके लागतात. कागद जाड, रंग झकपक. एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरते: चित्रातील मोटारीचे चाक डाव्या बाजूस आहे. आपल्याकडे गाडी चालविणारा उजवीकडे बसतो, पण चित्र जसेच्या तसे परदेशातून आलेले. हा बारीकसा दोष मोठी हकीकत सांगतो. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईस शिवडीला कारखाना काढला, फोर्डचाही कारखाना मुंबईत होता. परंतु तेथे मोटार तयार होत नसे. खोक्यांतून आलेले भाग जोडले जात. गाडी परक्याची, कागद परक्याचा, आणि फक्त पाना फिरविणारा हात आपला.

ही स्थिती पालटावी म्हणून झटणाऱ्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद अग्रेसर होते. विश्वेश्वरय्यांसारख्या अभियंत्याने योजनेस हातभार लावला होता, अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी बोलणी झाली होती; पण युद्धकाळातील इंग्रज सरकारने साथ दिली नाही. प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन व्हावयास १९४४ साल उजाडले, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली ती १९४७ साली. मी मालकांची स्तुती करणाऱ्यांपैकी नाही. परंतु या गृहस्थाने परक्या सत्तेशी घेतलेली टक्कर नाकारणे हा अप्रामाणिकपणा होईल. पुढे १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, देशातच मोटार घडविण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी आहे त्यांनीच धंदा करावा. नुसती जोडणी करणारे जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेले. शिवडीतल्या कामगारांचे काय झाले, हे कोणत्याही माहितीपत्रकात आलेले नाही.

येथून पेटीतला थर बदलतो. कुर्ल्याच्या गाड्यांची पत्रके पाहा. मिस्त्रीनानांपाशी आहेत ती तरी साधी आहेत. एकदा-दोनदा दुमडलेला एकच ताव. याचे कारण उघड आहे. गाडीसाठी पैसे भरून लोक वर्षानुवर्षे रांगेत उभे होते. ज्याच्या दाराशी गिऱ्हाईक ताटकळत आहे, त्याने रंगीत चित्रे कशाला छापावी?

या पत्रकांवर बहुधा साल नसते. ते ओळखावे कसे, ही विद्या मी नानांकडून शिकलो. प्रथम तळाची बारीक ओळ वाचावी. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व ठिकाण देणे भाग होते. २०२३ च्या नव्या कायद्याने तो जुना कायदा आता बाजूस सारला आहे, पण जुन्या कागदांवर त्याची खूण राहिली आहे. मग पत्ता पाहावा. ‘मुंबई ७०’ असे असेल तर कागद जुना. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, तेव्हा ‘४०० ०७०’ दिसले की तो त्यानंतरचा. किंमत आण्यांत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ यांच्या दरम्यानची, कारण १९६४ च्या जूनमध्ये ‘नया’ शब्द गळाला. गॅलनला मैल की लिटरला किलोमीटर, हेही पाहावे. मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. शेवटी गाडीकडे वळावे. १९५० च्या दशकातली ती फियाट, जिला तिच्या तोंडवळ्यावरून लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत, तिचा पुढचा दरवाजा मागच्या बाजूस बिजागरी असलेला, म्हणजे उलटा उघडणारा. १९६४ साली आलेल्या ११००-डी गाडीचा दरवाजा सुलटा झाला. तीच गाडी नाव बदलून १९७२ पासून ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि त्यानंतर लवकरच ‘पद्मिनी’ झाली. इंजिन तेच, १०८९ सी.सी.चे. एका नावाने ठरावीक काळ बंदिस्त होतो. एखाद्या शिलालेखाची अक्षरवाटिका पाहून शतक सांगणारे पंडित आणि आमचे नाना यांत मला फारसा भेद दिसत नाही. नानांच्या नखांत तेवढे ग्रीस आहे.

मात्र जाहिरातीचा कागद खोटेही बोलतो, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेत पाँटियाक मोटारीच्या जाहिराती १९५९ पासून फिट्झपॅट्रिक आणि कॉफमन हे दोन चित्रकार काढीत. ते गाडी मुद्दाम असावी त्याहून रुंद काढीत, आणि अशी काही ऐटदार काढीत की पाहणाऱ्याने खऱ्या गाडीकडे पाहून खट्टू व्हावे. पण रुंदी वाढविणे हा लहान खोटेपणा झाला. मोठा खोटेपणा म्हणजे काय काढले नाही तो. शेकडो पत्रकांत मी मोटारीशेजारी साडी नेसलेली स्त्री पाहिली, कुत्रा पाहिला, राजवाडा आणि समुद्रकिनारा पाहिला. ती मोटार घडविणारा माणूस क्वचितच पाहिला. जणू गाडी आभाळातून पडली!

म्हणून मी नानांच्या पेटीत एक कागद आपल्या पदरचा घातला आहे. तो सुप्रीम कोर्टाच्या १९७५ च्या निकालाचा आहे: प्रीमियर ऑटोमोबाईल्स विरुद्ध कामलेकर शांताराम वाडके. कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रोत्साहन-वेतनाच्या करारावरून हा वाद निघाला, आणि औद्योगिक कलह कायद्यानेच निर्माण केलेल्या हक्कांसाठी दिवाणी न्यायालयात जाता येत नाही, हे तत्त्व त्यात ठरले. देशातल्या प्रत्येक युनियनवाल्याला हा निकाल वाचावा लागतो. मी तो शब्दकोश मांडीवर घेऊन तीन महिने वाचला. चकचकीत पत्रक आणि हा रुक्ष निकाल शेजारी शेजारी ठेवले म्हणजे कारखाना पुरा दिसतो. नाना प्रथम कुरकुरले. “भो, यात गाडीचं चित्र कुठं आहे?” म्हणाले. पण त्यांनी तो ठेवून घेतला.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाची हकीकत सांगतो, कारण ती घडली नसती तर मी आज येथे उभा राहिलो नसतो. २००४ सालची गोष्ट. एक लहान कारखाना बंद झाला. त्याचे नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. तेथे ट्रकच्या पाट्यांना लागणारे यू-बोल्ट होत. सहा कामगार ग्रॅच्युइटीसाठी आमच्याकडे आले. १९७२ च्या कायद्याप्रमाणे सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. मालकाचे म्हणणे, कारखाना १९९१ साली सुरू झाला. कामगार म्हणत, आम्ही १९८६ पासून तेथे आहोत. पाच वर्षांचा फरक, म्हणजे माणशी पंचाहत्तर दिवसांचा पगार. मालकापाशी हजेरीपट होते, अर्थात १९९१ पासूनचे. कामगारांपाशी काय होते? तोंड होते. तोंडाला पुरावा म्हणत नाहीत.

मी एका संध्याकाळी नानांच्या ओट्यावर बसून हे गाऱ्हाणे सांगत होतो. नाना काही न बोलता आत गेले आणि पेटीतून चार पानांचे एक पत्रक घेऊन आले. सुटे भाग घ्यावयास ते त्या कारखान्यात जात, तेव्हा कधीतरी त्यांना ते मिळाले होते. पहिल्या पानावर यू-बोल्टचे चित्र, खाली इंग्रजीत ‘१९८६ पासून आपल्या सेवेत’, मालकाचे तेच नाव, तोच प्लॉट नंबर. शेवटच्या पानावर शेडपुढे ओळीने उभे राहिलेले नऊ कामगार. त्यांत आमच्या सहांपैकी चौघे, वीस-बावीस वर्षांचे, केस काळेभोर. गिऱ्हाइकापुढे आपला धंदा जुना आहे असे मिरविणारा माणूस कामगारापुढे तो नवा आहे असे सांगत होता. अधिकाऱ्यापुढे ते पत्रक ठेवल्यावर मालकाच्या वकिलांनी पुढची तारीख मागितली, आणि त्या तारखेच्या आधीच तडजोड झाली. पाचही वर्षे धरली गेली.

नानांनी ते पत्रक कोणत्या हेतूने ठेवले होते? यू-बोल्टांची मापे त्यात होती म्हणून. पुरावा जपणाऱ्याला आपण पुरावा जपतो आहोत हे ठाऊक असतेच असे नाही.

जमविणाऱ्यांच्या दोन जाती मी पाहिल्या आहेत. राजवाड्यांनाही त्या भेटल्या होत्या: एक दप्तर उघडून दाखविणारा, दुसरा ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणून दार लावणारा. मोटारींच्या कागदांत आता दुसरी जात वाढू लागली आहे. त्याला २०२१ ची सरकारी नियमदुरुस्ती काही अंशी कारण झाली. पन्नास वर्षांवरील मोटार मूळ स्वरूपात असेल, तिचा सांगाडा, वरचा साचा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसेल, तर तिला जुनी दुर्मिळ गाडी म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते; नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात. मूळ स्वरूप कोणते, हे दाखवावयास जुने पत्रक उपयोगी पडते. झाले! काल जे शेंगदाण्याच्या पुडीला जात होते, त्याचे आज हजारांनी भाव बोलले जातात. पुण्या-मुंबईचे शौकीन नानांना फोन करतात. नाना त्यांना झेरॉक्सचे पैसे घेऊन प्रत देतात, अलीकडे नातू मोबाईलवर चित्र काढून फुकट पाठवितो. मूळ प्रत मात्र विकीत नाहीत.

या बाबतीत आमचा वाद आहे. माझे म्हणणे, हा संग्रह एखाद्या सार्वजनिक वाचनालयास द्यावा. नानांचे म्हणणे, वाचनालय कपाटाला कुलूप लावील आणि किल्ली हरवील. “गाडी कुठंबी भेटते भो, कागद नाही भेटत,” असे ते म्हणतात. माझ्याकडे या म्हणण्याला पुरते उत्तर नाही, कारण कुलुपे मीही पाहिली आहेत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी गाडीचे फोटो छापले. कुर्ल्यातल्या ज्या कारखान्यात ती होत असे, त्याच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याचे नाव प्रीमियर रोड आहे. आत काम केलेल्यांच्या घरी पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्रे, संपाची पत्रके अजून ट्रंकेत असतील. आपल्या खानदेशातूनही पुष्कळ माणसे मुंबईच्या कारखान्यांत गेली. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकण्यापूर्वी मला किंवा नानांना एकदा दाखवावे. मूळ कागद आम्हांस नको. अर्ध्या तासात प्रत काढून परत करू.

त्या यू-बोल्टच्या पत्रकाची एक प्रत मी आज बरोबर आणली आहे. शेवटच्या पानावरील नऊ जणांपैकी सात जणांची नावे विचारून विचारून मी पेन्सिलीने खाली लिहिली आहेत. डावीकडून तिसरा आणि अगदी टोकाचा, डोक्यावर टोपी असलेला, हे दोघे राहिले आहेत. व्याख्यान संपल्यावर तो कागद या टेबलावर ठेवतो. जाता जाता कृपा करून प्रत्येकाने एकदा पाहावा.