वन्स मोअर, रात्री १०.५२

तीन आठवडे आधी, दुपार

खरं तर प्रयोगाच्या दिवसापासूनच सुरुवात करायला हवी. पण तसं केलं की मी नामानिराळा राहतो. म्हणून आधी हा फोन.

आमचं गाव सांगलीपासून एसटीनं तासाभरावर. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला दरवर्षी कुणाचं तरी व्याख्यान असतं आणि दरवर्षी तीच तीस माणसं येतात. यंदा कार्यकारिणीच्या बैठकीत मी उठून म्हटलं, संगीत नाटक आणू या. 'सौभद्र' आणू. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जबाबदारी माझ्याच गळ्यात घातली.

कंपनीच्या व्यवस्थापकांचा फोनवरचा आवाज ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. भरदार, खर्जाला टेकलेला, एकेक शब्द सुटा. असल्या आवाजाच्या माणसाशी घासाघीस करायची लाज वाटली, पण केली. त्यांनी आकडा सांगितला, मी तो पंधरा हजारांनी खाली ओढला. ते म्हणाले, "सर, यात पार्टी येते, टेम्पो येतो. पण मग साथ..." मी म्हटलं, "बघा की जरा इकडचं तिकडं करून." पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "बघतो."

त्या 'बघतो'चा मी विजय मानला. इतिवृत्तात माझ्या अभिनंदनाचा ठराव आहे.

प्रयोगाचा दिवस, सकाळी ९.३०

तिकिटं तीनशे, दोनशे, शंभर. एकट्या आमच्या कॉलनीत मी चाळीस खपवली. ज्यांनी घेतली त्यांतल्या निम्म्यांना 'सौभद्र' म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, माझ्या शब्दावर घेतली.

आत्याचं तिकीट मात्र तिच्याच पैशांचं. वय त्र्याऐंशी, माहेर सांगली. सांगलीत वाढलेल्या माणसांना नाटकाबद्दल एक वंशपरंपरागत मालकी वाटते. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी तिथं 'सीतास्वयंवर' केलं, त्याला जणू हे सगळे हजर होते. आत्यानं 'सौभद्र' अकरा वेळा पाहिलंय. सकाळीच तिचा हुकूम सुटला : तिसरी रांग, पंख्याखाली नको, आणि शेजारी मोबाइल बघणारं माणूस नको.

दुपारी ३.४०

बसची वाट पाहत होतो, टेम्पो आला. मागून एक जीप. एकूण दहा माणसं. तीन फ्लॅट उतरले, एक सिंहासन, कपडेपटाच्या दोन ट्रंका आणि हिरव्या कापडात गुंडाळलेला ऑर्गन. तो ऑर्गन एका पोरानं खांद्यावर घेतला आणि पायऱ्या चढून आत नेला. मी म्हटलं, "वा, काय ताकद आहे!" पोरगं नुसतं हसलं.

आमच्या लहानपणी ऑर्गन उतरवायला चौघं लागत, आणि पाचवा नुसतं 'सावकाश, सावकाश' म्हणायला. संगीत नाटकात त्या जागेचा मान मोठा होता. गंधर्व कंपनीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा. बालगंधर्वांच्या शालू-पैठण्यांबद्दल लोक जितकं बोलत, तितकंच या तिघांबद्दल. हे सगळं मला पाठ होतं. फक्त एक प्रश्न मला सुचला नाही : एवढं जड वाद्य एवढं हलकं कसं?

दुपारी ४.३०

द्वारकेचा महाल लागला. तोच उलटा केला की अरण्य. महालाच्या एका खांबाला तडा होता, त्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर सोनेरी रंग. बलराम आणि घटोत्कच एकच नट करणार होता, मिशा बदलून.

याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, हे मुद्दाम नोंदवतो. गरिबी या रंगभूमीला नवी नाही. 'सौभद्र' मुळात पाच अंकी, शंभराहून अधिक पदांचं. तेवढं सगळं आज कोण करणार आणि कोण ऐकणार? छाटलेलं चालतं. रंगवलेलं अरण्य चालतं. प्रेक्षक एकदा गाण्यात शिरला की मागे काय टांगलंय ते त्याला दिसत नाही.

संध्याकाळी ५.१५

माईक टेस्टिंग. "हॅलो, वन, टू." सुभद्रेचं काम करणारी मुलगी दोन ओळी गुणगुणली, चांगला गळा. बाकी कुणी सूरही लावला नाही. विंगेत लॅपटॉप घेऊन एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा बसला होता. व्यवस्थापक त्याला सांगत होते, "आणि हे बघ. वन्स मोअर मागितला तर द्यायचा. नाही म्हणायचं नाही. आपल्या कंपनीची रीत आहे ती."

मला भरून आलं. आजच्या काळात कोण पाळतं ही रीत!

मेकअपच्या खोलीत डोकावलो. कृष्णानं थंडा मागवला होता, वर बर्फ. मी म्हटलं, "अहो, घसा?" तो म्हणाला, "काही होत नाही सर." तरुण आहे, गळा पक्का असेल, अशी मी माझी समजूत घातली.

संध्याकाळी ७.३०

छापलेली वेळ. सभागृह पाऊण भरलं. तीस माणसांच्या वाचनालयाला हे हाउसफुल्लच. आत्या तिसऱ्या रांगेत, पंख्यापासून दूर, हातात सुपारीची डबी.

मग पाहुण्यांचा सत्कार. शाल, नारळ, पुन्हा शाल.

रात्री ८.३५

तिसरी घंटा. नांदी. धूपाचा वास, हात जोडलेले नटनटी आणि कोपऱ्यात हिरव्या कापडातला ऑर्गन. ऑर्गनचे सूर सभागृह भरून येत होते. वाद्यापाशी कुणी बसलेलं नव्हतं. मला वाटलं, आत दुसरा असेल.

आत्या म्हणाली, "पेटीवाला कुठंय रे?"

"आत असेल."

"आत बसून त्याला दिसतंय काय?"

रात्री ९.१०

नारद आले, अर्जुनाला सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरल्याची बातमी दिली, सगळं ठीक. नारद स्वतःच्या गळ्यानं गात होता, वाजणारी साथ तेवढी रेकॉर्डवरची. ट्रॅक म्हणतात हल्ली.

सुभद्रा गायला लागली तेव्हा घोटाळा कानाला कळला. एका जागी तिला काहीतरी सुचलं, तिनं आलाप जरासा लांबवला. खरी साथ असती तर तबलजीनं मान वर करून पाहिलं असतं, ठेका धरून ठेवला असता, ऑर्गननं तिच्या मागून तीच जागा घेतली असती आणि दोघं मिळून समेवर आली असती. इथं ती वळणावर असतानाच सम येऊन निघून गेली. मुलगी गडबडली, पुढची ओळ अर्ध्यावरून पकडली. नंतर तिनं काही सुचवून घेतलंच नाही. पट्टी आखून दिल्यासारखी सरळ गात राहिली.

आत्या सुपारी कातरायची थांबली. "ही पेटी तिचं ऐकत नाहीय," ती म्हणाली.

माझ्या मते त्या रात्रीचं परीक्षण एवढ्यातच झालं होतं. वर्तमानपत्रात कुणी लिहिलं असतं तर त्याला दोन रकाने लागले असते.

रात्री ९.४०

कृष्ण. बोलताना आवाज पोरगेला, वरच्या अंगाचा. आणि गायला लागला तर घुमटातून यावा तसा. टाळ्या. पहिल्यांदाच सभागृह गरम झालं. मी आत्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "गायला लागला की हा वयात येतो वाटतं."

मी हसलो. देवाशपथ, मी हसलो फक्त.

रात्री १०.१५, मध्यंतर

वडे संपले, चहा पाणचट. कॉलनीतली मंडळी भेटली. "छान आहे हां," असं प्रत्येकानं म्हटलं, आणि त्यातला 'हां' मला टोचला. व्यवस्थापकांना गाठून विचारलं, "साथीदार बसलेत कुठं?" ते म्हणाले, "पिटात." आमच्या सभागृहाला पिट नाही. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. दोघंही चहा प्यायलो.

रात्री १०.४०

रुसलेल्या रुक्मिणीची कृष्ण समजूत काढतो तो प्रवेश. ज्यांनी 'सौभद्र' पाहिलंय त्यांना सांगायला नको, नाटक याच जागेची वाट पाहत असतं. रुक्मिणी आमच्याकडे तोंड करून, कृष्णाकडे पाठ फिरवून बसलेली. कृष्ण मागे उभा. पद सुरू झालं.

इथं मी सरळ कबूल करतो, पद अप्रतिम झालं. एकेक शब्द मधात बुडवून ठेवावा तसा. ही साथ वेगळी होती, जिवंत, गाणारा थांबला की थांबणारी, त्याच्या मागून चालणारी. पहिल्या तीन रांगांतली पांढरी डोकी हलायला लागली. इतका वेळ आखडून बसलेली आत्या खुर्चीत पुढे सरकली. पद संपलं, टाळ्या पडल्या आणि त्या टाळ्यांवर चढून आत्याचा खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!" मग आणखी दहा आवाज. मग माझाही.

रात्री १०.५२

कृष्णानं लवून नमस्कार केला. लवताना त्याला विंगेतून कुणीतरी पुढे केलेला पाण्याचा ग्लास दिसला. दिवसभर थंडा प्यायलेला माणूस, तहान लागली असणार. त्यानं ग्लास घेतला आणि तोंडाला लावला.

लॅपटॉपवाल्या पोरानं कंपनीची रीत पाळली.

सूर घुमला, आणि पाठोपाठ तो आवाज, तसाच, त्याच मधात बुडवलेला, रुक्मिणीची समजूत काढू लागला. कृष्ण पाणी पीत होता. घोट गळ्याखाली उतरताना तिसऱ्या रांगेतून स्पष्ट दिसत होता. रुक्मिणीची पाठ होती, तिला काही कळायचं कारण नव्हतं. ती बिचारी ठरल्याप्रमाणे आधी रुसली, मग मान वळवली, मग गालात हसली, आणि तोवर ध्रुवपद पुरं झालं होतं. मग तिनं मागे पाहिलं. कृष्णानं घाईनं ग्लास पाठीमागे नेला आणि तोंड उघडलं, पण ते चुकीच्या ओळीवर. पोरानं घाबरून लॅपटॉप मिटला. शब्द मधोमध तुटला.

हुर्यो उडाली नाही. शिट्टी नाही, हसू नाही. आमच्या भागात हुर्यो म्हणजे निदान दखल असते. त्या शांततेत पंख्यांची घरघर ऐकू येत होती.

रात्री ११ ते १२

कृष्णानं पुढचं वाक्य म्हटलं, आपल्या पोरगेल्या आवाजात, आणि नाटक पुढे निघालं. खुर्च्यांच्या सीटा मिटल्याचे आवाज मागून येऊ लागले, एक, मग दोन, मग चार. मी मागे वळून पाहिलं नाही. कॉलनीतले चाळीस होते.

बसल्या बसल्या एक विचित्र विचार आला. भाव्यांच्या खेळांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं नुसता अभिनय करायची, मधूनमधून मनची भाषणं करायची. गळा एकाचा, देह दुसऱ्याचा. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' केलं, त्यात ज्याचं दुःख त्याच्याच गळ्यात त्याचं पद दिलं. आपण ज्याला संगीत नाटक म्हणतो ते हे. पुढे १८८२ मध्ये 'सौभद्र' आलं, भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा लोकांनी डोक्यावर घेतली, ती स्वतः गात होती म्हणूनच. म्हणजे आम्ही एका वन्स मोअरसरशी सदतीस वर्षं मागे गेलो होतो. फरक इतकाच की भाव्यांचा सूत्रधार समोर उभा असायचा. इथला कुठं होता?

सुभद्रेचं लग्न एकदाचं लागलं. अक्षता टाकायला उरलेल्यांत आत्या होती. "पूर्ण बघायचं असतं," ती म्हणाली, बाकी काही नाही.

रात्री १२.४०

हिशेब. व्यवस्थापक कपडेपटाच्या ट्रंकेवर बसले, मी पायरीवर. मी रागावलेला होतो आणि रागावलेलं दिसायचीही माझी इच्छा होती. म्हटलं, "साथीदार नाहीत हे आधी सांगायचं होतंत."

"सांगत होतो, सर. तुम्ही म्हणालात, इकडचं तिकडं करा." चष्मा पुसत ते शांतपणे बोलत होते. "ऑर्गनवाला, तबलजी. दोन नाइट, दोन जणांचं जेवण, दोन बिछाने. आणि गाणारा कृष्ण वेगळा पडतो. सगळं मिळून साधारण तुमचे पंधरा हजार होतात बघा."

मला पुढे काही बोलता येईना. पलीकडे ते पोरगं ऑर्गन खांद्यावर टाकून टेम्पोकडे निघालं होतं. कापड सरकलं होतं, आत नुसती फळ्यांची पेटी.

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तो आवाज कुणाचा होता हो? कृष्णाचा?"

"माझा," ते म्हणाले. "बारा वर्षांपूर्वीचा. तेव्हा साथ होती आपल्याकडे." मग बोटाला थुंकी लावून त्यांनी गड्डी पुन्हा मोजली. "शंभराच्या दोन कमी आहेत, सर."