पडद्यावरची चूल



माझे शिक्षण गिरणीच्या फाटकावरील सभांत झाले. त्यामुळे चित्रपट पाहतानाही मनात एकच प्रश्न येतो : येथे काम कोण करते आणि त्याचा हिशेब कोण ठेवते?

आपल्या चित्रपटाच्या इतिहासात हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, कारण त्या भूमिकेला स्त्री मिळेना. पडद्यामागे मात्र स्त्री होतीच. सरस्वतीबाई फाळके साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि फिल्मच्या कडांना भोकेही पाडीत. पतिव्रतेचे कर्तव्य पडद्यावर पुरुषाने वठविले. घरात ते बाईने निभावले.

१९३७ साली शांतारामबापूंच्या ‘कुंकू’ने स्त्रीच्या इच्छेला वाचा दिली. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानण्याचे साफ नाकारते. शांता आपट्यांचा तो करारीपणा आजही थक्क करतो. त्या घरातले जुने घड्याळ म्हाताऱ्याच्या सरत्या आयुष्याची खूण आहे. घरातल्या बायकांच्या कामाचे तास मोजायला तेथेही कोणी नाही.

१९८२ च्या १८ जानेवारीस मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील घरी बसले आणि आई पहाटे उठून डबे करून देऊ लागली. त्याच वर्षी जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमातील नोकरीसाठी घर सोडते. तिच्या लहान मुलीला घरातली दुसरी स्त्री सांभाळते. एकीने उंबरठा ओलांडला की तिचे काम दुसरीच्या पदरात पडते, पुरुषाच्या वाट्याला येत नाही. शाळेच्या कागदावर त्या वर्षी मी लिहिले होते : ‘वडील संपावर, आई काही करीत नाही.’ आम्हा सर्वांची पोटे तिच्या डब्यांवर भरत होती.

ही चूक पडद्यावर मला नेमकी दिसली ती २०२१ च्या ‘द ग्रेट इंडियन किचन’ या जिओ बेबींच्या मल्याळी चित्रपटात. चिरणे, वाटणे, उष्टी काढणे, गळक्या मोरीचे घाण पाणी उपसणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सासऱ्यांना भात चुलीवरचा हवा, कपडे हाताने धुतलेले हवेत. सुनेला नृत्य शिकवायचे आहे. पण तिने नोकरी करणे घराला रुचत नाही. इच्छा आणि कर्तव्य यांचा झगडा आपण आजवर मनाचा मानला. तो तासांचाही आहे, हे या चित्रपटाने दाखविले. दिवस सारा चुलीत गेला तर इच्छेला उरते काय?

१९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगाराचा आठवडा ४८ तासांवर आणला. त्यासाठी पिढ्या लढल्या. स्वयंपाकघराला मात्र सुटीचा भोंगा कधीच झाला नाही. आमच्या मागण्यांच्या यादीतही ते कलम नव्हते, आणि ती यादी लिहिणाऱ्यांत मीही होतो.