‘भागवणे’ आणि लाटणे

‘आहे त्यात भागवले’ हे शब्द मराठी कथेत आले की वाचक थबकत नाही. महिन्याची अखेर आहे, डब्यात चार मुठी तांदूळ उरले आहेत, तरी घरातली बाई कोणाला जाणवू देत नाही. लेखक तिला सुगरण, समंजस, सोशीक अशी विशेषणे देतो आणि पुढच्या प्रसंगाकडे वळतो. ‘पुरवून वापरणे’, ‘ओढूनताणून महिना काढणे’, ‘कोंड्याचा मांडा करणे’ ही याच कुळातली भावंडे. असे परिच्छेद वर्गात शिकवताना आम्हांला एक प्रश्न वारंवार पडत आला आहे. डबा रिकामा होता तो हाती पैसा नव्हता म्हणून, की पैसे मोजूनही वस्तू मिळत नव्हती म्हणून? पहिली गोष्ट दारिद्र्याची, दुसरी टंचाईची. आपल्या कथेने बहुधा दोन्ही एकाच क्रियापदात कोंबल्या, आणि त्यामुळे टंचाईचा इतिहास गृहिणीच्या स्वभावात विरघळून गेला.

वास्तविक या इतिहासाला तारखा आहेत. मुंबईत रेशनिंग सुरू झाले ते मे १९४३ मध्ये, ऐन युद्धकाळात. ‘रेशन’, ‘कंट्रोल’, ‘काळाबाजार’ हे शब्द त्या दशकात मराठी बोलण्यात असे रुजले की त्यांचे परकेपण कोणाला उरले नाही. रफी अहमद किडवई केंद्रात अन्नमंत्री असताना १९५४ पर्यंत धान्यावरची नियंत्रणे उठली. पण ती निश्चिंती अल्पजीवी ठरली. १९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आला, १९५६ मध्ये अमेरिकेशी ‘पीएल ४८०’ चा करार झाला आणि लागोपाठच्या अवर्षणामुळे १९६६ साली देशात १ कोटी टनांच्या आसपास धान्य आयात करावे लागले. स्वयंपाकघरात या आकड्यांचा अर्थ साधा होता. कोकणातून आलेल्या भातखाऊ घराला दुकानात तांदूळ हवा असे आणि कार्डावर गहू मिळे. सणावारी होणारी पोळी रोजच्या ताटात येण्यामागे रेशनच्या गव्हाचा वाटा मोठा आहे, असे आमचे मत आहे. आवडीनिवडी बदलल्या असे आपण सहज म्हणतो. पुष्कळदा बदललेला असतो तो पुरवठा.

घाटकोपरसारख्या उपनगरात ही गुंतागुंत नीट दिसते. १९५० साली बृहन्मुंबईत आलेल्या या वस्तीत रेल्वेच्या पूर्वेला राजावाडीची सुस्थित गुजराती घरे आणि पंतनगरमधली नोकरदारांची वसाहत. पश्चिमेला भटवाडी, असल्फा, चिरागनगर अशा टेकडीच्या अंगाने वाढलेल्या कष्टकऱ्यांच्या वस्त्या. किराणा मालाची दुकाने या साऱ्यांची, पण ‘माल नाही’ या उत्तराचा अर्थ गिऱ्हाइकागणिक वेगळा. रोख आणि घाऊक घेणाऱ्याला साखर आतल्या खोलीतून निघू शकते. ज्याचे नाव उधारीच्या वहीत आहे त्याला दुकान बदलता येत नाही. तो ‘उद्या या’ ऐकून परत फिरतो, कारण भांडण केले तर मागची बाकी आजच फेडावी लागेल. आणि ज्याच्या झोपडीला पत्ताच नाही त्याला कार्ड मिळणे अवघड, म्हणजे सरकारी दुकानाची वाटही अरुंद. मराठी लेखनात याचे खापर ‘वाण्या’वर फोडण्याची जुनी सवय आहे. ती सोयीची आहे, पूर्णांशाने खरी नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार हा दाणाबंदरच्या घाऊक बाजारापासून सुरू होणाऱ्या साखळीतला शेवटचा दुवा होता. साठा करण्याची खरी ताकद त्याच्या वर होती.

१९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने मराठी घरांना पाककृती मिळाल्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या वाटीत घालायचा रवा, साखर, तेल हेच दुकानातून दिसेनासे होऊ लागले. महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळात होरपळत होता. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जात होती आणि रेशनवर ‘मिलो’ नावाची तांबडी परदेशी ज्वारी आली होती. ज्यांनी ती खाल्ली त्यांच्या आठवणीत तिची भाकरी अजून आहे, गोड आठवण म्हणून मात्र नव्हे. एप्रिल १९७३ मध्ये केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार हाती घेतला. तुटवडा हटण्याऐवजी वाढला आणि पुढच्याच वर्षी तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्यात खनिज तेलाच्या भावाचा भडका उडाला. १९७४ मध्ये घाऊक किमती वर्षभरात २० टक्क्यांहून अधिक चढल्या.

याच काळात ‘भागवणे’ या क्रियापदाला पहिल्यांदा जाहीर नकार मिळाला. १९७२ मध्ये मुंबईत महागाईविरोधी महिलांची संयुक्त समिती उभी राहिली. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. एरवी एका व्यासपीठावर क्वचितच दिसणाऱ्या या बायका तेल, साखर, रॉकेल, धान्य या मागण्यांवर एकत्र आल्या. लाटणी उंचावून मोर्चे निघाले, घराघरांतून थाळ्या वाजल्या, मंत्र्यांना घेराव पडले, दडवलेले साठे उघडकीस आणले गेले. त्या काळच्या वृत्तपत्रांना हे दृश्य गमतीचेही वाटले असेल. नवऱ्याला लाटणे दाखवणारी बायको हा आपल्या व्यंगचित्रांचा ठरलेला विषय. आम्हांला त्यातले महत्त्वाचे वाटते ते असे की, सुगरणपणाची शाबासकी या बायकांनी परत केली. कमी साखरेत गोड कसे करावे हा प्रश्न सोडून साखर गेली कुठे, असे त्यांनी विचारले.

मात्र लाटणे हे चिन्ह सर्वांचे नव्हते, हेही नोंदवायला हवे. भाकरी लाटत नाहीत, थापतात. दुष्काळी भागातून मुंबईत येऊन पडलेल्या बाईच्या हाती लाटणे असण्याचे कारण नव्हते. तिच्याकडे परात होती आणि तळहात. मोर्च्यांत कामगार वस्त्यांतल्या बायका मोठ्या संख्येने होत्या, तरी चळवळीची प्रतिमा पोळीच्या स्वयंपाकघरातून आली. नंतरच्या स्त्रीवाद्यांनी तिसराच आक्षेप घेतला: लाटणे उंचावले तरी ते शेवटी बाईच्याच हातात राहिले. तो आक्षेप खरा आहे, पण १९७२ च्या त्या बायकांच्या हाती दुसरे कोणते शस्त्र होते, हेही विचारावे लागेल.

थापणाऱ्या हातांच्या बाजूने लिहिणारा लेखक घाटकोपरमध्येच राहत होता. अण्णा भाऊ साठे यांचे दीर्घकाळ वास्तव्य चिरागनगरच्या झोपडीत होते. त्यांची ‘फकिरा’ कादंबरी १९५९ ची. तिचा नायक दुष्काळात भागवत बसत नाही. उपाशी माणसांसाठी साठवलेले धान्य लुटतो. या कादंबरीचा अभ्यास आपल्याकडे शौर्यकथा म्हणून, दलित साहित्याची पूर्वपीठिका म्हणून होतो आणि ते रास्तच आहे. पण धान्य आहे आणि तरी मिळत नाही, ही जी तिची मूळ नस, ती मध्यमवर्गीय कथेतल्या रिकाम्या डब्याशेजारी ठेवून वाचली तर दोन्ही लेखनांचे अर्थ बदलतात. अण्णा भाऊ जुलै १९६९ मध्ये गेले. लाटणे मोर्चे त्यांना पाहता आले नाहीत.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि समितीच्या प्रमुख नेत्या तुरुंगात गेल्या. त्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या काही कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी आगाऊ द्यायची, माल घाऊक भावाने एकत्र यायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, अशी ही शिस्तशीर व्यवस्था. ती अनेक घरांना उपयोगी पडली. तिला लागणारी आगाऊ रक्कम मात्र उधारीच्या वहीतल्या माणसापाशी नव्हती.

१ मे १९९९ पासून महाराष्ट्रात शिधापत्रिका तीन रंगांच्या झाल्या: वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळी, १ लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरी. पंतनगरची कारकुनाची बायको आणि असल्फ्याची मोलकरीण १९७२ मध्ये एकाच दुकानासमोर, एकाच तेलासाठी उभ्या राहू शकत होत्या. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळेना. ते कपाटात गेले आणि पत्त्याचा पुरावा लागला की तेवढ्यापुरते बाहेर निघू लागले.